भाड्याच्या घरातलं गरम पाणी

कात्रजच्या त्या घरात जाग यायची ती प्राणिसंग्रहालयातल्या वाघामुळे. अजून उजाडायचं असायचं, डोंगरावरचं धुकं उतरून खिडकीच्या गजांपर्यंत आलेलं असायचं, आणि कुठून तरी एक लांबलचक, कंटाळलेला आवाज यायचा. पहिल्या दिवशी मी दचकून उठून बसले. शेजारच्या खोलीत अण्णा, म्हणजे माझे वडील, शांत पडून होते. "कोणाच्या तरी पोटात दुखतंय," म्हणाले. त्यानंतर मला त्या वाघाचं भय असं कधी वाटलं नाही. तो ओरडला की मी मनात म्हणायचे, ओवा खा बाबा थोडा, आणि कूस बदलायचे.

ते घर मला आता असंच आठवतं, अर्ध्या झोपेतलं, कडा पुसट झालेलं. भिंतींचा रंग कोणता होता हे विचारलंत तर सांगता यायचं नाही. पण अण्णांच्या न्हाणीघरातली वाफ आठवते. उंचावरच्या छोट्या खिडकीतून उन्हाची तिरीप यायची, वाफ त्या उजेडात हळूहळू वर चढायची, आणि स्टुलावर बसलेल्या अण्णांची पाठ त्यात कधी दिसायची, कधी नाही.

आमची स्वतःची इमारत पाडून नवी बांधायला घेतली होती, म्हणून आम्ही दोघं भाड्यानं राहायला आलो होतो. हल्ली निम्मं पुणं असं सामान बांधून हिंडतंय. जन्मभर घरमालक म्हणून मिरवलेली माणसं उतारवयात दुसऱ्याच्या दारात उभी राहून 'भिंतीला एक खिळा ठोकला तर चालेल का हो' असं विचारतात. मी त्यातलीच. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली. का नाही केलं ते विचारू नका. विचारणाऱ्याला मी जे उत्तर देते त्यानं त्याचंच तोंड कडू होतं.

अण्णांचं विसरणं तोवर पुष्कळ पुढे गेलं होतं. आधी गल्ल्या गेल्या, मग माणसं, मग शब्द. दिवसभर ते खुर्चीत बसून पंच्याचं टोक बोटांवर गुंडाळायचे आणि सोडायचे. मी समोर गेले की अनोळखी बाईकडे बघावं तसं अदबीनं बघायचे. "आपण बसा ना," असंही म्हणायचे. पोटच्या मुलीला आपण म्हणणारा बाप कसा सोसायचा, ते ज्याचं त्याला ठाऊक.

पण गरम पाण्यात अण्णा परत यायचे. हे मी कोणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही, पण तसंच होतं. पाठीवर चांगलं कढत पाणी पडलं की त्यांचे खांदे सैल व्हायचे, आवळलेल्या मुठी उघडायच्या, आणि ते बोलायला लागायचे. शनिवार पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्या, मागची मोरी, मोरीतला तांब्याचा बंब, सगळ्यांच्या आधी उठून तो पेटवणारी त्यांची थोरली बहीण, अक्का. सगळं काल घडल्यासारखं. बंब पेटवायची अक्का, आणि न्हायला सगळ्यांत शेवटी जायचीही तीच, म्हणजे तिची पाळी येईतो गरम पाण्याची बोंब. हे सांगताना त्यांना अजून राग यायचा. आणि बोलता बोलता ते मान वळवायचे, माझ्याकडे बघायचे, आणि माझं नाव घ्यायचे. माझं लहानपणचं, घरातलं नाव. ते नाव जाणणारं जगात आता दुसरं कोणी नव्हतं. मी त्या दहा-पंधरा मिनिटांसाठी उरलेला दिवस काढायचे. त्यात लाजायचं काय? ते पाणी मला अण्णांपेक्षा जास्त लागायचं.

इमारत लहानशी होती. तळमजल्यावर एक मुसलमान कुटुंब, त्यांची कॅम्पात पिढ्यान्‌पिढ्यांची बेकरी. मधल्या मजल्यावर आम्ही. सगळ्यांत वर आमच्या मालकीणबाई, एकट्या. गच्चीवर सोलर होतं, तिथून गरम पाण्याचा एकच पाइप तिन्ही मजल्यांना उतरायचा. मालकीणबाई सत्तरीच्या, सडपातळ, कानांत कुड्या, आणि जिभेला धार. मी त्यांना काकू म्हणायचे, त्या मला 'अहो मॅडम' म्हणायच्या, आणि त्या 'मॅडम'मध्ये मान किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही.

आम्ही राहायला गेलो तेव्हा अण्णांच्या न्हाणीघरात दोन साधे नळ होते, एक गरम, एक गार, खाली बादली. न्हाणं झालं की मी अण्णांच्या हातात पंचा द्यायची आणि त्यांचे कपडे आणायला जायची. परत येऊन बघते तर बादली गार पाण्यानं काठोकाठ भरलेली. रोज. "भरून ठेवलंय," अण्णा सांगायचे. मी म्हणायचे, बरं केलंत, आणि त्या पाण्यानं फरशी पुसायचे. म्हाताऱ्या माणसाचा एखादा छंद असतो, असू दे.

पण बादलीवर वाकून माझी कंबर गेली. मी काकूंना विचारलं, हातात धरायचा शॉवर बसवता का. त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "बसवते. पण जाताना काढून नेऊ नका," म्हणाल्या, आणि खरंच बसवला. भिंतीत एक मिक्सर, त्याला गरम आणि गारच्या दोन तोट्या, वर आकड्यावर अडकवलेला शॉवर. शॉवरच्या दांड्यावर बटण होतं. दाबलं की पाणी, सोडलं की बंद. बादली मी गॅलरीत हलवली. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

आणि थोड्याच दिवसांत पाणी कोमट झालं. मग गारढोण.

थंडी नुकती कुठे पडायला लागली होती. मी शॉवर सुरू करून हात धरून उभी राहायची, आत्ता येईल, आत्ता येईल. येईना. गॅसवर पातेली तापवून आणली, पण पातेल्याचं पाणी ते किती पुरणार. दोन तांब्यांत संपायचं, अण्णा कुडकुडायचे, मुठी आणखी आवळायचे, आणि एक शब्द बोलायचे नाहीत. बादलीत सोडायची ती विजेची सळई मी घरात आणणार नव्हते. अण्णांनी हात घातला असता तर? गिझर बसवावा तर न्हाणीघरात तसला जाडजूड पॉइंट नाही, आणि करारात स्पष्ट लिहिलेलं, मालकाच्या परवानगीशिवाय भिंतीला हात लावायचा नाही. तेव्हा मी जिना चढून वर गेले.

"थंडीत सोलर असंच करतं," काकू म्हणाल्या. "आमच्याकडेही कोमटच आहे. मी काही कोणाकडे तक्रार करायला जात नाही."

"तुम्ही कोणाकडे जाणार काकू, मालक तुम्हीच आहात. मी तुमच्याकडे येणार."

"करारात पाणी लिहिलंय. किती अंश गरम ते लिहिलेलं नाही."

"छप्पर लिहिलंय, ते गळणार नाही असंही लिहिलेलं नाही. गळलं तर दुरुस्त करालच ना?"

"गळेल तेव्हा बघू," म्हणून त्यांनी दार लावलं. आपटलं नाही. हळूच लावलं, ते जास्त झोंबलं.

मी तणतणत खाली आले. तळमजल्यावरच्या भाभींकडे डोकावले. त्यांच्याकडेही तीच रड होती, सुनेला लहान मूल, आणि पाणी गार. मी म्हटलं, आपण दोघी मिळून जाऊ. भाभी माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलायच्या, सावकाश, प्रत्येक शब्द पुसून ठेवल्यासारखं. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही बोला, तुमचं चालून जाईल. आम्हाला हे घर मिळायच्या आधी किती दारं बंद झाली ते आम्हाला माहीत. आडनाव सांगितलं की घर कालच गेलेलं असतं. या बाईंनी काही विचारलं नाही, किल्ली दिली. मी त्यांच्याशी पाण्यासाठी नाही भांडणार." दुसऱ्या दिवशी सकाळी भाभींनी आपल्या चुलीएवढ्या शेगडीवर तापवलेलं पातेलंभर पाणी अण्णांसाठी वर पाठवून दिलं. हक्क वगैरे काय ते मी पुस्तकात वाचलेलं होतं. त्यांना ते न वाचता पाणी पाठवता आलं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी वकील झाली आहे. तिला फोन लावला. ती म्हणाली, "मॅम, टेक्निकली तुम्ही टेनंट नाहीच. लीव्ह अँड लायसन्स आहे ना, अकरा महिन्यांचं? मग तुम्ही लायसन्सी. म्हणजे तुम्ही तिथे परवानगीनं राहताय."

मी फोन कानाला धरून खिडकीतून बघत राहिले. अण्णा शनिवार पेठेत जन्मले, वाढले, तेही भाड्यानंच, पण त्या काळच्या भाडेकरूला मालक हलवू शकत नसे. उलट मालकच भाडेकरूला बिचकून असे. आणि आता हे, परवानगीनं राहणं. खुर्चीत अण्णा पंचा गुंडाळत होते. मला वाटलं, अण्णा तरी या घरात, या शरीरात, दुसरं काय करतायत. परवानगी आहे तोवर राहायचं.

"पण याचा अर्थ त्यांना वाट्टेल ते करता येतं असा नाही," वकीलबाई पुढे बोलतच होत्या. "घर देताना जी सोय दिली ती चालू ठेवणं त्यांचं काम. किरकोळ दुरुस्ती तुमची, मोठी त्यांची, हे करारात आहे ना? आधी लेखी कळवा, मुदत द्या. आणि त्यांना घर बघायला यायचं असेल तर विचारूनच यायला हवं, हेही लक्षात ठेवा."

मी लेखी कळवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर, शुद्धलेखन तपासून, मुद्दे पाडून. काकूंचं उत्तर आलं: 'वाचलं. मराठी चांगलं आहे.' आणि खाली आणखी एक ओळ. 'करार संपत आलाय, पुढचं काय ते ठरवू.'

ते वाचून मी घाबरले, खरं सांगते. भांडायची हौस मला आहे, पण घर शोधायची नाही. नवं घर म्हणजे अण्णांना पुन्हा नव्या भिंती, नवा संडास, रात्री उठल्यावर दार कुठे ते न सापडणं. या घराची वाट त्यांच्या पायांना नुकती कुठे कळली होती. इकडे पाण्यावाचून माणूस हातचा जातोय, तिकडे पाण्यासाठी बोलावं तर घर जातंय. आणि बरेच दिवस झाले होते, अण्णांनी माझं नाव घेतलेलं नव्हतं. मला भीती वाटायला लागली होती की पाणी आलं तरी आता ते येणार नाहीत. मधल्या दिवसांत परतीची वाट विसरले असतील.

मग एक दिवस गच्चीवर प्लंबर चढलेला दिसला. म्हणजे काकूंनी माझं पत्र फेकून दिलं नव्हतं. प्लंबर म्हणाला, वर सगळं ठीक आहे, पाणी उकळतंय. कोणाच्या तरी मिक्सरमध्ये गार पाणी गरमच्या लाइनीत घुसतंय. दोन्ही तोट्या उघड्या आणि शॉवर बंद ठेवला की असं होतं, सगळ्या बिल्डिंगचं पाणी गार करायला एक मिक्सर पुरतो. ते ऐकून काकूंनी जिन्यातूनच जाहीर केलं, "उद्या सकाळी सगळ्यांची न्हाणीघरं बघणार."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी तोट्या रोज आठवणीनं बंद करते, मी. इतकी वर्षं पोरांना शिस्त शिकवली. "काकू, माझ्या घरात यायचं तर विचारून यायचं," मी जिन्याच्या कठड्यावरून वर बघून म्हणाले. "तसा नियम आहे."

वरून काकूंनी डोकावून पाहिलं. मग, "बरं. विचारते. येऊ का?"

"या," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

काकू आल्या तेव्हा धुकं अजून होतं. सोबतचा प्लंबर खाली भाभींकडे थांबला होता. मी अण्णांचं न्हाणं उरकत होते, पातेल्यातलं पाणी, कोमट. अण्णा गप्प. काकू बाहेरच्या बोळात उभ्या राहिल्या, भिंतीकडे तोंड करून, तेवढा त्यांना पोच होता. मी नेहमीसारख्या तोट्या फिरवून बंद केल्या, अण्णांना पंचा नेसवला, दार अर्धं लोटलं आणि कपडे आणायला वळले. "झालं त्यांचं. आता बघा," मी काकूंना म्हणाले, जरा तोऱ्यातच. काकूंनी मान वळवली आणि हातानं मला थांबवलं.

दाराच्या फटीतून अण्णा दिसत होते. भिंतीच्या दांड्याला धरून ते उठले. स्टुलावरून उठायला मला त्यांना रोज किती मिनतवाऱ्या कराव्या लागायच्या, आणि ते आपले आपण उठले. मिक्सरपाशी गेले. एक तोटी उघडली. मग दुसरी. पाणी काही आलं नाही, शॉवर वर आकड्यावर बंद होता. पण अण्णा मान कलती करून उभे राहिले, आत कुठेतरी पाणी पडत असल्याचं ऐकत असल्यासारखे. पुरेसं ऐकून झालं तशी त्यांनी मान हलवली, भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आले, दार उघडलं, आणि समोर काकू दिसल्या.

"अक्का," अण्णा म्हणाले, "जा, न्हाऊन घे. तुझ्यासाठी भरून ठेवलंय."

मला एका क्षणात सगळं कळलं. बंबातून जेवढं गरम पाणी काढायचं तेवढंच गार वरून ओतायचं, म्हणजे पुढच्याला गरम मिळतं. बंबाच्या घरातलं पोर हे चालता चालता शिकायचं. अण्णा ते विसरले नव्हते. अक्कासाठी ते रोज बंब भरत होते. आधी बादली भरत होते, बादली मी नेली, तर हा मिक्सर. आणि मी काखेत कळसा घेऊन वकिलापर्यंत जाऊन आले होते. न्हाणीघरात चष्मा काढून ठेवायची, तोट्या सकाळी उघड्या की बंद ते मला दिसायचंही नाही, आपली चाचपडत फिरवायची.

मी तोंड उघडायच्या तयारीत होते. काय बोलणार होते देव जाणे. काकू आता जे ऐकवतील ते खाली मान घालून ऐकायचं, एवढंच डोक्यात होतं. करार तर गेलाच.

काकू अण्णांकडे बघत होत्या. "बंब होता का यांच्याकडे?" त्यांनी मला विचारलं.

"लहानपणी. शनिवारात."

"आमच्याकडेही होता. नारायण पेठेत." त्यांचा आवाज नेहमीचाच होता, पण सावकाश झाला होता. "पेटवायची मी. पाठचे सगळे भाऊ. एक जण भरेल तर शपथ. काढायचं, न्हायचं, पळायचं. मी आपली शेवटी गार पाण्यानं. आई म्हणायची, बायकांच्या जातीला काय होतंय." मग त्या म्हणाल्या, "मला कोणी ठेवलं नाही हो कधी."

बोळात आम्ही दोघी उभ्या, मध्ये पंचा नेसलेले ओले अण्णा. त्यांना थंडी वाजत होती, पण ते हलत नव्हते. ती न्हायला जाते की नाही ते बघत होते. काकूंनी पदर खोचला आणि सरळ न्हाणीघरात गेल्या. दार लावून घेतलं. थोड्या वेळानं बाहेर आल्या, हातपाय धुतलेले, तोंडावर पाणी. "छान आहे पाणी," त्या अण्णांना म्हणाल्या. तेव्हा कुठे अण्णा कपडे घालायला आले.

प्लंबर वर आला, त्यानं बघितलं, ऐकलं. त्याचा उपाय सोपा होता: गारची तोटी काढून माझ्याकडे द्यायची, न्हाणं झालं की कपाटात. दोन मिनिटांचं काम. मी हो म्हणणार होते.

"नको," काकू म्हणाल्या. "ते येऊन उघडायला जातील, आणि हाताला काही लागणार नाही." मग त्यांनी त्याला विचारलं, गार पाणी उलट जाऊ नये असा काही व्हॉल्व असतो ना? असतो, तो म्हणाला, पण भिंत फोडावी लागेल, टाइल जातील. "जाऊ देत," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "ही मोठी दुरुस्ती. मालकानं करायची असते. मॅडमनी लेखी कळवलंय."

भिंत फुटली, व्हॉल्व बसला, टाइल दुसऱ्याच रंगाच्या लागल्या. त्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी शॉवरखाली हात धरला आणि पाणी इतकं कढत आलं की हात मागे घेतला. खालून भाभींच्या नातवाचं न्हाताना रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. मी अण्णांच्या पाठीवर पाणी सोडलं. वाफ चढायला लागली. अण्णा गप्प होते. मी मानेवर सोडलं, खांद्यांवर सोडलं. मला वाटलं, गेलं, उशीर झाला. मग त्यांच्या मुठी उघडल्या, आणि त्यांनी मान न वळवताच माझं नाव घेतलं. म्हणाले, "किती दिवस कुठे होतीस?" मी शॉवर तसाच धरून रडले. पाण्यात कोणाला कळतंय.

करार संपला तेव्हा काकूंनी नवा कागद करून आणला, पुढचं काय ते काहीच विचारलं नाही. मीही विचारलं नाही. आणि एक नवीनच गोष्ट सुरू झाली. अण्णा न्हाऊन, तोट्या उघडून, बाहेर येऊन खुर्चीत बसले की काही वेळानं जिन्यातून काकूंचा आवाज यायचा, "अण्णा, मिळालं हं पाणी." तेवढंच. रोज. अण्णा मान हलवायचे. तोट्या आता कुठेच काही करत नव्हत्या, पाणी आपल्या वाटेनं वर जात होतं आणि खाली जात होतं, पण अण्णांच्या मनात एक बंब रोज भरला जात होता आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी रोज त्याची पोच देत होतं. मी पुष्कळ वर्षं पोरांना कविता शिकवल्या. त्या जिन्यातल्या वाक्यापुढे मला त्यातली एकही आठवत नसे.

पुढच्या थंडीपर्यंत अण्णा आणखी आत गेले. गरम पाण्यातही आता कमी बोलायचे, माझं नाव कधी यायचं, कधी नाही. आणि एक सकाळ अशी आली की मी कपडे घेऊन परतले तर अण्णा स्टुलावरच बसलेले, हात मांडीवर, तोट्या बंद. मी वाट बघितली. चष्मा लावून बघितलं. ते उठले नाहीत. "अण्णा, भरून ठेवायचं ना?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे अदबीनं बघितलं. काय भरायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

मी त्यांना कपडे घातले, खुर्चीत आणून बसवलं. बाहेर वाघ ओरडला. अण्णा त्याच्यावरही काही बोलले नाहीत. वर जाऊन काकूंना सांगावं, आज राहू द्या, असं माझ्या मनात आलं, पण पाय उचलेना. आणि तेवढ्यात जिन्यातून आवाज आलाच.

"अण्णा, मिळालं हं पाणी."

अण्णांनी दाराकडे बघितलं. "कोण गं ती?" त्यांनी मला विचारलं. आपण नाही म्हणाले, गं म्हणाले.

"तुम्ही तिच्यासाठी गरम पाणी ठेवलंत ना," मी म्हणाले, "ते मिळालं म्हणून सांगतेय."

"मी ठेवलं?"

"हो. रोज ठेवता."

अण्णा बराच वेळ विचार करत राहिले. पंच्याचं टोक बोटांवर गुंडाळलं, सोडलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू निवला.

"बरं झालं," म्हणाले. "नाहीतर तिला गार पाण्यानं न्हावं लागलं असतं."